पाणी कुठे मुरतं

किसुमूच्या रस्तेखात्यात माझी खोली तळघरात आहे.
एक हौद, एक दाबयंत्र, एक नोंदवही
आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर,
कारण त्यातलं सरोवराचं चित्र मला आवडतं.

दर मंगळवारी ओकेलो टेम्पोतून ठोकळे आणतो.
काँक्रीटचे, वीतभर, सहाही अंगांनी गुळगुळीत,
न्हाऊमाखू घालून आणलेल्या बाळांसारखे.
पाठीवर लाल रंगात: कोलालचा पूल, खांब तिसरा.
मी त्यांना हौदात सोडते. अठ्ठावीस दिवस.
पाणी मुरतं ते इथेच, एवढंच मला ठाऊक.
मग एकेकाला यंत्राच्या जबड्यात ठेवून
काटा चढताना बघते.
पंचविसाला फुटला तरी चालेल असा ठोकळा
चाळिसापर्यंत हूं की चूं करत नाही.

इतकं चांगलं काँक्रीट मी पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"रिस्पा, तुझा हात चांगला आहे," साहेब म्हणतात.
मी सही करते.
महिन्याअखेरी टेबलावर पाकीट असतं, वर लिहिलेलं: चहा.
आमच्याकडे चहाला चहाच म्हणतात
आणि त्यालाही चहाच.
पहिलं पाकीट मी परत केलं होतं.
दुसऱ्या वेळी धाकट्याची फी भरायची होती.
तिसऱ्या वेळी काहीच नव्हतं.

जूनमध्ये मावशीला पुरायला कोलालला गेले.
पूल नवा. खाली नदी, गढूळ, घाईत.
पेटी खांद्यावर घेऊन पुरुष पुढे,
मागे आम्ही, गात,
आणि माझं लक्ष गाण्यात नव्हतं.
चपलेत खडा गेलाय म्हणाले
आणि काठाकाठाने तिसऱ्या खांबाशी उतरले.
किल्लीने खरवडलं.
साखरेसारखं सांडलं.
आत खडीच्या जागी विटांचे तुकडे,
सोड्याच्या बाटलीचं एक बूच,
आणि सळई, करंगळीहून बारीक, गंजून लाल,
जिथे चार हव्यात तिथे एकटी.

वरून मावशी चालली होती,
सहा माणसांच्या खांद्यांवर.
पूल हलला नाही.
पूल असे लगेच हलत नाहीत.

पायथ्याशी पडलेला, त्यातल्या त्यात धड असा एक तुकडा
मी डोक्याच्या फडक्यात बांधून आणला.
बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, रताळी का?
हो म्हटलं.

सोमवारी सगळे गेल्यावर तो करवतीने चौकोनी केला,
जबड्यात ठेवला.
काटा नऊपर्यंत गेला
आणि तुकड्याने नुसता सुस्कारा टाकला.

तेव्हा कळलं, ते ठोकळे पुलाचे नव्हतेच.
कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये
एक माणूस बसून, फक्त माझ्यासाठी,
मापात सिमेंट, धुतलेली वाळू, चाळलेली खडी
मन लावून कालवत होता.
या अख्ख्या कामात इमानाने राबलेला
तो एकटाच.
त्याला कधी भेटावंसं वाटतं.

नोंदवही उघडली. खांब तिसरा.
लिहिलं: ९.
बराच वेळ बघत बसले.
नवाच्या आधी एक तीन घातला
की एकोणचाळीस होतात.
फार शाई लागत नाही.

आज मंगळवार. वर रस्त्यावर ओकेलोचा हॉर्न वाजतोय.
पेनाचं टोपण माझ्या दातांत आहे,
आणि नवाच्या आधी
बोटभर जागा
अजून कोरी.