इनासाचे सहाशे

टाच टेकवली आणि फळी दबली;
टाच उचलली, तरी खळगा तसाच.
सव्वीस वर्षं म्हापशाच्या इस्पितळात काढल्यावर
असला खळगा मला कुणी समजवावा लागत नाही.
सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबून
मी मनात आकडे मोजले आहेत,
बाबांच्याही.

शापोऱ्याच्या धक्क्यामागे, माडांत,
निळ्या ताडपत्रीखाली चार पावसाळे 'सातेरी' पडून होती.
बूच काढायचं असतं, मेस्त इनास म्हणाला,
नाळ उंच करून ठेवायची असते,
नाही तर होडी आपली आपण विहीर होते.
हे त्यानं मला सांगितलं की ताडपत्रीला, कळलं नाही.

हातोडीच्या दांड्यानं तो तळ वाजवत गेला
नाळेकडून इंजिनाकडे.
टण्, टण्, थप्.
थप् तिथं खडूची फुली.
फुल्या इतक्या झाल्या की शेवटी त्यानं
खडू कानामागे अडकवला
आणि बरी जागा तेवढी बोटानं दाखवली,
ताटाएवढी.

ग्राइंडरचं पातं बेतानं लावलेलं:
फळीखाली फायबर, फायबरखाली एरवी नदी.
फळी फळीसारखी निघालीच नाही,
चहाच्या चोथ्यासारखी मुठीमुठीनं आली,
आणि तिच्या खालचा फोम,
चहात बुडवून विसरलेला पाव.
अळ्यांसारखे झालेले स्क्रू.
एक केसांची पिन. एक परक्या देशाचं नाणं,
डॉल्फिन बघायला आलेल्या कुणाचं तरी.

मधला एकच तुकडा अखंड आला.
उलटा केला तर पेन्सिल.
बाबांचा सात, पोटातून आडवी रेघ ओढलेला.
लांबी, रुंदी, प्लाय ७५०.
साधी. मरीन नव्हे.
आणि कोपऱ्यात: इनासाचे ६०० देणे.

साधी आहे हे ठाऊक होतं तुला?
"रंग हांवेंच काडिल्लो."
आणि हे सहाशे, दिले त्यांनी?
त्यानं रेझिनचा डबा हलवला, कानाशी नेला,
पुन्हा हलवला.
"पयशे ना. नुस्तें दिलें. दोन वर्सां, दर बुधवारा.
व्हड व्हड काळुंद्रां."

बुधवार.
बुधवारी आमच्याकडे डाळ असायची
आणि मी ताट सरकवून द्यायचे:
मासे मारणाऱ्याच्या घरात डाळ कसली!
आज जाळं फाटलं, आई म्हणायची.
शंभर बुधवार तेच जाळं फाटत होतं,
आणि मी गणितात हुशार म्हणून
शाळेनं मला कंपासपेटी दिली होती.

आठ दिवस माझा टेबलफॅन
होडीच्या पोटात फिरत राहिला,
वायर शेजारच्या बारमधून ओढलेली.
बियरच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मापं काढली.
प्लाय मरीनच आणली, घासाघीस न करता;
दुकानदार जरा हिरमुसला.
हार्डनरचे थेंब मी मोजले. हे काम मला येतं.
इनास ब्रश घेऊन नुसता कडांमागे लागला होता,
वरचा भाग राहू दे, म्हणे, पाणी पितात त्या कडा.
एक हात, दुसरा हात, तिसरा,
स्क्रूच्या भोकांच्या आतसुद्धा,
औषध घालावं तसा.
ऍसिटोनच्या वासानं माझं डोकं ठणकत होतं.

तुळयांना तळाशी त्यानं बोटाएवढी भोकं पाडली.
एवढं सगळं बंद करून वर भोकं?
"उदक येतलेंच," तो म्हणाला,
"ताका वाट दवर."

तो जुना तुकडा मी घरी नेला नाही.
बाकीच्या चोथ्याबरोबर तोही पेटवला;
ओला होता, नुसता धूर झाला,
माडांत बराच वेळ अडकून राहिला.

मजुरी किती, विचारलं.
हाताला चिकटलेलं रेझिन नखानं सोलत
तो होडीभोवती एक फेरी मारून आला.
"पयशेच दी गो. नुस्तें आतां म्हाका पचना."

नव्या तळावर टाच टेकवली.
टण्.
इंजिन मात्र अजून चालू होत नाही.
मोरजीहून कुणी बघायला येणार आहे, म्हणे,
शनिवारी, नाही तर सोमवारी.