साडेतीन

मॉरीन, तू विचारलंस, तुला इंजेक्शन मिळालं कसं.
फोनवर मी म्हटलं, नशीब. ते खरं नाही.
बैस, घोटभर चहा घे, सांगते.

वर्षाला चार झटके लागतात.
चार, नोंदलेले, स्टेरॉइडच्या गोळ्यांनिशी.
माझे तीन होते.
मार्चमधला, जिन्यात.
जूनमधला, चर्चच्या जुन्या बाजारात,
गोधड्यांची धूळ, आणि मीच हौसेनं झटकायला गेले.
ऑगस्टमधला, जेव्हा केनेथनं अँब्युलन्स बोलावली
आणि उघड्या दारातून मांजर पळालं, ते आलंच नाही परत.

चौथा? झाला होता की चौथाही.
मध्यरात्री, न्हाणीघरात, टबाच्या कडेला टेकून.
मागच्या खेपेच्या गोळ्या डबीत उरल्या होत्या,
त्या गिळल्या. खिडकी उघडली.
हंबर नदीवरून हवा येत होती, जगभराची हवा,
माझ्या वाट्याला सुईच्या नेढ्याएवढी.
कुणाला उठवलं नाही.
तुला ठाऊक आहे, आपण मासळीच्या शेडमधल्या बायका,
बोट कापलं तरी पट्टा थांबवत नसू.

डॉक्टर ओकेरेके भली बाई. पेन खाली ठेवलं तिनं.
"नोंद नाही, लोरेन.
माझ्यापुरता मी तो अर्धा धरते. साडेतीन.
पण समितीच्या कागदावर अर्ध्याला रकाना नाही."

बाकी सगळं जुळलं होतं.
रक्तातल्या त्या पेशी हव्या त्याच्या दुप्पट.
फार्मसीनं साक्ष दिली, बाई दरमहा पंप नेते.
नर्सनं समोर बसवून तो ओढायला लावला,
पाढे म्हणवून घ्यावेत तसा.
अडलं ते अर्ध्या झटक्यावर.

"थोडा दम धरा," इस्पितळातली मुलगी फोनवर म्हणाली.
किती सहज म्हणाली.
धरता आला असता, पोरी, तर फोन कशाला केला असता?

मग मी वाट बघू लागले.
हे केनेथलाही ठाऊक नाही.
आरशात तो सुजलेला चेहरा, माझा नसलेला,
मनगटावर पापडासारखी कातडी,
आणि मी वाट बघतेय
की एकदाचा गळा आवळावा,
पण असा, की कुणीतरी लिहून घेईल.
एरवी महिनोन् महिने पुसला नसता,
तो जिनाही पुसून ठेवला.

पाच नोव्हेंबरला गल्लीतल्या पोरांनी आग पेटवली.
फळ्या, एक अख्खा सोफा, वर चिंध्यांचा माणूस.
केनेथ म्हणाला, पडदे लाव.
लावले.
पडद्यामागची खिडकी बंद होती का,
ते मला विचारू नकोस.

अँब्युलन्समध्ये मास्कमागून बोलता येईना,
मी चार बोटं वर केली.
त्या पोराला वाटलं, सांगतेय, चार मिनिटं झाली.
त्यानं तसं लिहिलं.

आता फ्रिजमध्ये लोण्याशेजारी पेन असतं.
अर्धा तास आधी काढून ठेवायचं,
मांडीत टोचायचं, टिक् वाजतं, संपलं.
परवा मी बसमागे धावले, मॉरीन.
बस गेली निघून.
थांब्यावर उभी राहून हसले, अगदी पोटभर,
मध्ये कुठेही न थांबता.

तुझे सहा. सगळे नोंदलेले, तारीखवार.
आणि तुझ्याच रक्तानं साक्ष फिरवली, पेशी कमी भरल्या.
तुझं काय चुकलं ते मला सांगता येत नाही.
माझं काय बरोबर होतं, तेही.
डॉक्टर म्हणते, दुसरं एक औषध आहे, पेशी न मोजणारं,
पुन्हा अर्ज, पुन्हा समिती, वसंतापर्यंत कळेल.
मी म्हणणार होते, दम धर.
जीभ चावली.

तुझा चहा गार झाला.
अगं, उठू नकोस.
किटली मी आणते.