एक्केचाळिसावं मिनिट

आधी तारीख ठरली, मग विषय, मग मी.
"उन्हात काम करताना", सोहार, गुरुवार.
वेळेवर दोन दिवस गेले:
पाच नको, बस साइटवरून साडेसहाला परत येते.
सात नको, आंघोळीची रांग.
आठ नको, नमाज.
नऊ. नऊला माणसं जेवतात,
जेवता जेवता ऐकतील.

खमीस म्हणाला, स्लाइड्स किती?
चौतीस.
तो बराच वेळ कहव्याच्या पेल्यात बघत राहिला.
मग म्हणाला, नऊ.
विमानतळावर वजन जास्त भरलं
की बॅग उघडून एकेक काढावं लागतं, तशा काढल्या:
आधी तक्ते, मग व्याख्या,
शेवटी, कुळथाच्या पिठाच्या पुडीसारखी, जिवावर येऊन,
घामातल्या क्षारांची ती एक.

बुधवारी तालीम.
भिंतीकडं बघून हसायला शिकले.
लॅपटॉपखाली दोन डबे, एक तांदळाचा, एक खजुराचा,
म्हणजे कॅमेरा नाकपुड्यांत न शिरता
डोळ्यांत बघतो.
रेकॉर्डिंग ऐकलं तर माझ्या आवाजामागे
कुणीतरी सारखं घुं करत होतं.
फ्रीज नव्हे. एसी.
ठरलं, तासभर बंद.
तासाचाच तर प्रश्न.

गुरुवार. बाहेर रात्रीचे छत्तीस, समुद्राची ओली हवा.
खिडकी बंद, कारण खाली ट्रकांचा रस्ता.
दार बंद, कारण शेजारच्या रेजीचा मुलगा
बरोबर नऊला कीबोर्ड घेऊन बसतो.
नऊ वाजून दोन: सतरा जण.
नऊ वाजून सहा: एकसष्ट.
कुणाचा तरी माइक उघडा, त्यातून
ताटल्या, कुकर, आणि "अरे चार्जर किधर गया".
पहिली दोन वाक्यं मी म्यूटवर बोलले.
आयुष्यातली सर्वांत नेटकी वाक्यं असावीत ती.

मग माझ्या हिंदीत सुरू झाले.
लघवीचा रंग. मीठ-साखरेचं पाणी.
डोकं दुखणं ही पहिली हाक,
घाम थांबणं ही शेवटची.
जोडीदाराकडं बघा, कारण चढलेलं ऊन
ज्याला चढतं त्याला सांगतं,
तू ठीक आहेस.
हे वाक्य माझं स्वतःचं. ठळक केलेलं.

सातव्या स्लाइडवर अक्षरं
जराशी डावीकडं सरकली.
मला वाटलं, नेट.
ओढणी मानेला चिकटलेली, चष्मा घसरतोय,
तोंडात जस्ताची चव,
आणि मी म्हणतेय, मी ठीक... म्हणजे तुम्ही,
तुम्ही ठीक असलात तरी

एक हात वर आला. पिवळा, चित्रातला.
सत्तार मुकादम, परांचीवाले, दाभोळकडचे.
म्हटलं, प्रश्न शेवटी घेऊ.
हात खाली येईना.
मग माइकच उघडला, आणि मराठीत:
"बाय, सवाल नाय.
तुमी मगाधरनं पाणी प्यायलाव काय?"

साठ जणांना त्यातला एकच शब्द कळला,
पुरला.
बाटली टेबलावरच होती, न उघडलेली,
लेबल कॅमेऱ्याकडं करून ठेवलेली,
पाचव्या स्लाइडची साक्ष म्हणून.
झाकण पिळलं आणि सगळ्यांसमक्ष
हनुवटीवरून ओघळ येईतो, गटागटा,
खेळून आलेलं पोर पितं तशी प्यायले.
उठले. एसी लावला.
राहिलेल्या दोन स्लाइड्स घुं-घुं आवाजात.
नीट ऐकू येतंय का, विचारलं.
कुणीतरी लिहिलं: अब आ रहा है.

रविवारी खमीसनं अहवाल केला.
हजर एकसष्ट, शेवटपर्यंत अठ्ठावन्न,
समाधान पाचपैकी चार पूर्णांक सहा.
"काय लक्षात राहिलं" या रकान्यात
हिंदी, मल्याळम, बंगाली,
चार लिप्यांत एकच गोष्ट: मॅडम पाणी प्यायल्या.
मुकादमांनी तेवढा तो रकाना
मोकळा सोडला होता.

एक्केचाळिसावं मिनिट कापू ना?
खमीसनं विचारलं.
म्हटलं, ते ठेव, बाकीचं काप.
मी गमतीत म्हटलं होतं.
खमीसला गंमत कळत नाही.
साइटवर आता फिरते ती फिल्म दीड मिनिटाची:
एक घामेजलेली बाई, एक बाटली,
आणि आवाज फक्त मुकादमांचा.