निपाणीत शिराझ

कस्टमवाल्यानं दोनदा विचारलं, आत काय आहे.
द्राक्षाचं पाणी, मी म्हणाले. तो हसला नाही.
मग गोव्याहून एसटी, आंबोलीचा घाट, आजरा, गडहिंग्लज,
आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बाटली
आजारी कोंबडीसारखी धरून मी.

आप्पांनी लेबल वाचलं नाही.
सरबताचा काचेचा पेला धुतला,
उजेडाकडं धरून पुन्हा धुतला.
एकतीस वर्षं वखारीत
पान तळव्यावर चुरगाळून, एक फुंकर मारून,
एकच नाकपुडी उघडी ठेवून
तंबाखूचा दर ठरवणारा माणूस.
अजून तसंच करतात, चहाचंही,
नव्या छत्रीचंही.

"गोड न्हाई की गं."
नाही आप्पा. मुद्दाम नाही.
उन्हाच्या गावात करतात ती वेगळी,
मुरंब्यासारखी, चमचा उभा राहील अशी.
ही डोंगरावरची. तिकडं एप्रिलात गारठा पडतो,
आम्ही हातमोजे घालून घड तोडायचो.
हळू पिकलेली आहे. अंग सांभाळून असते.

तिथं हिच्यासाठी एक शब्द आहे.
सहा महिने पिंपं धुताना मी तो मराठीत शोधला.
खारी म्हटलं की खाडी येते.
खमंग म्हटलं की फोडणी.
तिखटमिठाची म्हटलं तर चहासोबतची बशीच.
शेवटी रिकामी जागा सोडून
वहीत पुढं लिहीत गेले.

आप्पांनी डोळे मिटले.
"मिरी. वाटलेली न्हवं, ठेचलेली.
जांभूळ हाय, पण बी चघळल्यागत.
आणि ही अथणीची वहाण,
नवी, तेल पाजलेली, अजून कुणी न घातलेली."
एवढं बोलून एक घोट घेतला, गिळायला वेळ लावला,
आणि बोलीच्या दिवशी करायचे तसा
चेहरा कोरा केला.

भिंतीपलीकडून सिद्रामप्पा डोकावले.
ते घेत नाहीत. वास तेवढा द्या म्हणाले.
बेदाण्याचे ट्रक चालवलेले, तेलसंगहून तासगावला,
द्राक्षाचं सगळं आयुष्य पाठीमागं लादून.
नाक पेल्यात, मग आभाळात.
"ओगरु," म्हणाले.
"तुरट," म्हणाले आप्पा.
"ओगरु, तुरट न्हवं. तुरट म्हंजे कच्चं केळ."
"मग ओगरु म्हंजे?"
"ओगरु म्हंजे... ओगरु री."
यावर बराच वेळ गेला.
पेला भिंतीवरच राहिला, दोघांच्या मधोमध,
आणि एक मुंगी काठावर चढून परत फिरली.

आई तोवर भाकरी थापत होती.
तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.
तीही त्याच वखारीत होती, बावीस वर्षं,
चाळणीला, तोंडावर पदर बांधून,
रोजंदारीवर. नाकाचे पैसे तिला कुणी दिले नाहीत.
पिठाचा हात पुसून आली,
भिंतीवरचा पेला उचलला,
औषध घ्यावं तसा एक घोट.

आम्ही तिघं बघत राहिलो.

"चैत्रात माल लोड झाला की," ती म्हणाली,
"आम्हाला झाडायला लावायचे.
पोती गेलेली. पत्रा तापलेला.
तंबाखू न्हाई कुठं, आणि तरी हाय.
दार उघडं टाकून आम्ही बाया तिथंच डबे सोडायचो.
तसं लागतंय हे."

आप्पांनी पेला मागितला,
पुन्हा एकच नाकपुडी,
आणि या खेपेला फार वेळ.

तिकडं तव्यावर भाकरी करपत होती.
तो वासही तिच्यात होता, पहिल्यापासून.
मी वही आणायला उठले.
आई म्हणाली, बस, लिहू नको,
आधी ती उलथ.