तिसरं बटण

कुताइसीच्या जुन्या बुद्धिबळ-क्लबात
दर बुधवारी आम्ही सात आईबाप श्वास मोजतो.
एक ते दहा. चुकलं की पुन्हा एक.
मी चारच्या पुढे कधी गेलेलो नाही,
पाचवर घरची कडी वाजते कानात.

आज नेस्तान दोनवरच झोपली.
पहाटे तीनला पावाची भट्टी पेटवणारी बाई;
मुलगा रात्रभर फ्रिजच्या सुरात सूर लावतो म्हणे.
"नका उठवू," शिकवणाऱ्या मेदेआबाई कुजबुजल्या.
मी माझा कोट तिच्या अंगावर टाकला
आणि पुलावरून तसाच निघालो, बोचऱ्या वाऱ्यात,
स्वतःच्या चांगुलपणाची ऊब घेत.

दारात त्सिरा.
रोज ती कोटाचं तिसरं बटण चाचपते,
मगच मी घरी आलो असं ठरतं.
बोटं हवेत थांबली.
बटण नाही, म्हणजे बाबा नाही.
किंकाळी जिना उतरत गेली,
खालची दारं उघडली, मिटली.

मी उंबऱ्याबाहेर पायरीवर बसलो.
नऊपर्यंत पोचलो होतो,
हे नंतर बायकोनं सांगितलं;
मोठ्यानं मोजत होतो म्हणे.

कोट पुढच्या बुधवारी मिळेल.
अजून गुरुवारही उजाडलेला नाही.