थाळी किती खोल दिसते

आईची जुनी थाळी, अर्धी काळी रंगवलेली,
मधोमध भोक, भोकातून सुतळी.
येलदी मॅडम म्हणाल्या, सोड.
सोडली कंबर तलावात.
एक वीत. गेली.
वहीत वीस सेंटिमीटर लिहिलं, वीत शोभत नाही म्हणून.

पाणी कसलं, रंगाच्या हौदात उरलेलं हिरवं.
वडील त्यात सूत बुडवायचे,
जेवतानाही मनगटापर्यंत रंग.
इथं तीन नाले येतात, आमंत्रण न लागणारे.

शेवाळ खायला पाणपिसवा हव्यात, मॅडम सांगतात,
आणि पिसवांना चिलापी खाते.
तर काढा चिलापी.

सिद्राम भोई काठावर बिडी विझवत बोलला,
"मासा घाण करत नाही, बाई.
घाणीत राहतो."
तरी जाळं त्यानंच टाकलं. चारशे रुपये रोज होता.

अकरा दिवस ओढत होतो.
करड्या राशी, कल्ल्यांची उघडझाप,
टेम्पोच्या फळीतून ठिबकणारं पाणी
पार बाजारापर्यंत.
एकीला शेपटीनं उचललं
तर तिच्या तोंडातून पिल्लं सांडली,
मोहरीएवढी, नुसते डोळे,
जाळ्याच्या भोकातून सरळ घरी.
सिद्रामनं पाहिलं. मीही.
वहीत त्याला रकाना नव्हता.

थंडीत भिंगाखाली थेंब ठेवला:
उड्याच उड्या.
काचेची पोटं, पोटात हिरवा घास, पाठीत अंडी,
एवढ्याशा जिवांनी अख्खा तलाव
गाळायला घेतला होता.
थाळी दोन वीत. मग हातभर. मग दीड हात.
एका सकाळी काठाजवळ तळच दिसला:
नारळ, एक चप्पल, सायकलची रिंग,
मागाचा धोटा, त्यात अजून लाल कांडी.
मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
सिद्राम म्हणाला, छान. आता मी काय धरू?

एप्रिलात पाणी उतरलं.
नव्या जातीचं हिरवं आलं, दोऱ्यादोऱ्यांचं,
पिसवांच्या तोंडात न मावणारं,
आणि मोहरीएवढे होते ते
बोटाएवढे होऊन पिसवा टिपू लागले.
नाल्यांनी तर सुट्टी घेतलीच नव्हती.

आज दीड वीत.
म्हणजे अर्धी वीत आपली, मॅडम म्हणाल्या,
आणि पुढच्या दसऱ्याला
बारीक आसाचं जाळं मागवायचं ठरवलं.
सिद्राम हसला नाही, नाहीही म्हणाला नाही.

थाळी घरी आणली, बुळबुळीत.
आई म्हणाली, घासून ठेव.
भोक पाडलंस, तरी भांडं चांगलं आहे.