वाचवलेली मालमत्ता

रजिस्टरात शेवटून दुसरा रकाना:
वाचवलेली मालमत्ता, अंदाजे, रुपयांत.
तो मी भरतो.
गुडघ्याची वाटी गेली तेव्हापासून बंबावर चढणं बंद,
फोंड्याच्या वॉचरूममध्ये बसतो,
फोन, वायरलेस, घड्याळ, निळं बॉलपेन.

आठला हजेरी. मग पंप सुरू करून बघायचा,
उगाच, दोन मिनिटं, आणि बंद करायचा.
काल भिजलेले होज
दीपमाळेएवढ्या मनोऱ्यावरून खाली सोडायचे वाळत.
कायतान प्रत्येक टायर ठोकून कान देतो,
बाजारात फणस निवडावा तसा.
चहा येतो तेव्हाच बहुधा फोन वाजतो.

बेतोड्याला माडाची झावळ विजेच्या तारेवर.
कुर्टीला विहिरीत रेडकू.
ढवळीला दार आपोआप लागलं, आई बाहेर,
आत तीन वर्षांचं मूल आणि गॅसवर कुकर.
पत्ता सांगून झाला तरी तिनं फोन ठेवला नाही,
शिट्ट्या मोजत राहिली. चार. पाच.
मीही मोजत होतो, पेन हातात.
सातव्या शिट्टीला वेळीप बाल्कनीतून आत गेला.
नुकसान: डाळ.
वाचवलेली मालमत्ता: कुकर एक, रुपये बाराशे.
मुलासाठी वेगळा रकाना असतो,
त्यात फक्त आकडा लिहायचा. १.

फेब्रुवारी सरत आला की डोंगर पेटू लागतात.
गवत वाळलेलं, वर काजू.
बंब जातो तो रस्ता संपेपर्यंत,
पुढे पाणी नाही, होज पुरत नाही,
हिरव्या फांद्या तोडायच्या आणि आगीला झोडपत
वर चढायचं, जसं काही खळ्यावर भात झोडतोय.
मला इथे वायरलेसवर फक्त धाप ऐकू येते.
कोणाची ते ओळखतो.
सर्वेश गांवस, नोकरीचा अकरावा दिवस,
रात्री परत आला तेव्हा भुवया नव्हत्या.
आरशात बघून हसला. मग बराच वेळ हसला नाही.

त्या डोंगराचं मी लिहिलं:
जळाली झाडं चाळीस. वाचवलेली मालमत्ता
तीन लाख. फळदेसाईसाहेबांनी सही केली.

चौथ्या दिवशी शेवंती गावडे आली दाखल्यासाठी.
उभ्यानंच वाचला. बोट तीन लाखांवर ठेवलं.
ही कुठली, म्हणाली. मला दाखव.
मी म्हटलं, खालच्या अंगाची झाडं, बाय, ती उभी आहेत.
उभी आहेत, ती म्हणाली,
मोहोर करपला, कोवळी बोंडं गळली,
उभं आहे म्हणजे वाचलं?
मी दाखल्यावर शिक्का मारायला उठलो,
कपाटापर्यंत चार पावलं.
तिनं माझा पाय बघितला.
पुढे काही बोलली नाही.
रजिस्टरात खाडाखोड चालत नाही,
चालली असती तरी कुठला आकडा लिहिणार होतो.

मे महिन्यात परत आली. टेबलावर बाटली ठेवली,
हुर्राक. खालच्या तीन झाडांना धरली होती बोंडं,
तेवढ्याची.
धूर नाही लागलेला, तिनं स्वतःच सांगितलं,
कोणी विचारलं नव्हतं.
ती गेल्यावर कायताननं बूच काढून वास घेतला.
आहे, म्हणाला.
वेळीप म्हणाला, तुझ्या नाकातच आहे तो, वीस वर्षांचा.
सर्वेशनं वास घेतला, त्याला सांगता येईना.
साहेब म्हणाले, ड्युटीवर बाटली नको,
आणि तिकडे न बघता आत गेले.

बाटली कपाटात आहे, फर्स्ट एडच्या मागे.
आवक वहीत नोंदवायची राहिली.
पेन उघडलं होतं खरं,
तेवढ्यात कुंडईहून फोन, पुठ्ठ्याचं गोदाम.
वर्दी १४.१०.
बंब बाहेर १४.११.